टेम्परेचर सेट करायची केटल, आठ महिने वापरल्यानंतर

जूनच्या शेवटी घेतलेली, आता फेब्रुवारी संपत आला. रोज सकाळी एकदा आणि रविवारी सगळे जमले की सलग तीन-चार तास अशी वापरलीय, म्हणून आत्ता लिहितोय. घ्यायच्या आधी मी वाचलेले बहुतेक रिव्ह्यू पार्सल फोडलं त्याच दिवशी लिहिलेले होते, त्यावरून काय कळणार. १ लिटरची, बारीक लांब नळीची, ४० ते १०० अंशांपर्यंत एकेक अंशानं सेट होते, तीन हजारांच्या आत पडली.

आधी एक सांगतो, कारण कोल्हापुरात घेणारा प्रत्येकजण इथं अडकणार. १०० ला सेट केली तर आकडा ९८ च्या पुढं जातच नाही, पाणी खळाखळा उकळतंय, वाफ येतीय, पण आकडा ढिम्म. मी पहिल्याच दिवशी रिटर्न टाकायला निघालो होतो. आमच्यातला एकजण कॉलेजात फिजिक्स शिकवतो, तो म्हणाला भावा पीस चांगला हाय, ठेव. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि दर ३०० मीटरला पाणी साधारण १ अंश कमी तापमानाला उकळतं, म्हणजे इथं ९८ हेच उकळतं पाणी. डिसेंबरात पन्हाळ्यावर घेऊन गेलो तेव्हा ९७ ला थांबली, तेव्हा माझी पूर्ण खात्री पटली. त्यामुळं ९८ दिसलं म्हणून परत पाठवू नका.

आता चहाचं. आम्ही सहाजण, शाळेपासूनचे, रविवारी सकाळी रंकाळ्याला एक फेरी मारून माझ्या घरी येतो. आधी टपरीवर एकेक पेशल घेऊन पांगायचो. गेल्या मे महिन्यात एकाचा भाऊ सिलिगुडीहून सुट्टीवर आला आणि त्यानं दार्जिलिंगचा पाव किलो पत्तीचा चहा दिला, तो आम्ही घरच्यासारखाच पातेल्यात टाकून, आलं घालून, म्हशीचं दूध ओतून पाच मिनिटं उकळला. कडू पण झाला आणि पांचट पण, दुधाखाली त्याचा वासच मेला. इतक्या लांबून आणलेली वस्तू आपण वाया घालवली याचं मला खरंच वाईट वाटलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

मुद्दा असा की झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस, आणि काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग (काळ्या-हिरव्याच्या मधला) हे सगळं पान तोडल्यावर त्याचं काय करता यावर ठरतं. घरी आपण वापरतो ती दाणेदार पावडर सीटीसी, म्हणजे दातेरी रोलरमधून पान चिरडून, फाडून, वळवून केलेली, ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. तिचा रंग आणि कडकपणा झटक्यात उतरतो म्हणून ती दुधाला पुरून उरते. अख्ख्या पानाचा चहा हळू उतरतो, त्याला फक्त पाणी आणि वेळ लागतो, आणि पाणी किती गरम हे तर फारच महत्त्वाचं. हिरव्या चहातलं कडू-तुरट जे काय असतं ते गरम पाण्यात भराभर सुटतं, गोडसर चव मात्र कोमट पाण्यात पण येते. माझ्या बायकोला ग्रीन टी म्हणजे औषध वाटायचं, पालमपूरहून आणलेला कांगड्याचा हिरवा चहा मी तिला ७५ ला दोन मिनिटं भिजवून दिला तर म्हणाली ह्यात साखर टाकलीस काय. हे केटलीशिवाय जमलं नसतं असं नाही, उकळलेलं पाणी थोडा वेळ ठेवून पण जमतं, पण दर वेळी सारखं जमत नाही.

आमचं आता बसलेलं माप म्हणजे १५० मिलीला अडीच ग्रॅम पत्ती, छोटा वजनकाटा घ्याच, कारण काही चहा इतका फुललेला असतो की चमच्यात एक ग्रॅम पण मावत नाही. कांगडा ७५ वर, दार्जिलिंग सेकंड फ्लश (वर्षातली दुसरी तोड) ९० वर तीन मिनिटं, कुन्नूरहून आणलेला निलगिरी ९५ वर चार. ऊलाँगला आम्ही छोट्या झाकणाच्या कपात ५ ग्रॅम घालून ९० वर अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे घाणे काढतो, तीच पत्ती पाच-सहा वेळा. पहिल्या कपाला सगळे बोलत असतात, तिसऱ्यापर्यंत आपोआप गप्प होतात, कारण प्रत्येक कपाला चव बदललेली असते आणि कुणाला काय लागलं हे ऐकायचं असतं. एकीला भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आला, एकाला ओल्या गवताचा. मला हा त्यातला सगळ्यात आवडता वेळ.

त्या शेवटच्या घाण्यांच्या वेळीच फिजिक्सवाल्यानं एकदा गंगाराम कांबळेंचा विषय काढला, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातले ते. भाऊसिंगजी रोडवर शाहू महाराजांनी त्यांना 'सत्यसुधारक' हॉटेल काढायला मदत केली आणि महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घ्यायचे, बरोबरच्यांना पण प्यायला लावायचे. आम्हा सगळ्यांना हे लहानपणापासून माहीत होतं, पण हातात कप असताना ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. चहा कुणाच्या हातचा प्यायचा ह्याच्यावर ज्या गावात एवढं घडलं, त्या गावात आम्ही सहा घरचे सहाजण एका किटलीतून पितोय.

दुधाचा चहा बंद झालेला नाही, तो शेवटी होतोच आणि गॅसवरच होतो. केटलीत दूध अजिबात घालू नका, तळाला लागून करपतं. गुळाचा करताना दूध फाटतंय असं बरेचजण म्हणतात, गुळात आंबटपणा असतो म्हणून तसं होतं. गवती चहा, आलं, पावडर पाण्यात उकळा, मग दूध, एक उकळी, गॅस बंद, जरा थांबून मग गूळ हलवून गाळा, परत तापवू नका. सध्या गुऱ्हाळं चालू आहेत, ताजा गूळ मिळतोय, करून बघा.

आता तक्रारी. पावसाळ्यात खालच्या प्लेटच्या पिनांवर ओल धरली आणि दोन दिवस चालूच होईना, कोरड्या फडक्यानं पुसून वाळवल्यावर झाली. झाकणाची मूठ चौथ्या महिन्यात ढिली झाली, कंपनीला तीन मेल केले, पार्ट यायला पाच आठवडे लागले, हे मला पटलेलं नाही. बीपचा आवाज मोठा आहे आणि बंद करता येत नाही, सकाळी साडेपाचला घरातले उठतात. पाणी गरम ठेवायची सोय अर्ध्या तासातच बंद होते, आमच्या बैठकीला ती कमी पडते. बोअरचं पाणी वापरलंत तर आत पांढरा थर बसतो आणि चहावर तवंग येतो, मी आता नळाचं फिल्टर केलेलं वापरतो आणि महिन्यातून एकदा लिंबू पिळून पाणी उकळतो, थर निघून जातो.

फक्त दुधाचाच चहा पित असाल तर ह्याचा काही उपयोग नाही, ते पैसे चांगल्या पावडरीवर घाला. पत्तीचा चहा प्यायचा असेल आणि प्यायला माणसं असतील तर घ्या. पाचपैकी चार, एक कापला तो त्या मुठीच्या पार्टसाठी. सिलिगुडीवाल्या भावाला सांगून ठेवलंय, मार्च-एप्रिलात फर्स्ट फ्लश, म्हणजे वर्षातली पहिली तोड, निघाला की शंभर ग्रॅम येणार आहे, ८५ वर लावायचा का ९० वर ह्यावर आमच्यात आत्तापासून वाद चालू आहे, तुमच्यापैकी कुणी केला असेल तर सांगा.