विंडप्रूफ फ्लीस जॅकेट, दिवाळी ते गणपती वापरून: वारा कापडातून नाही, चेनमधून येतो

जॅकेटची चेन गेली म्हणून हे लिहायला बसले, नाहीतर रिव्ह्यू वगैरे लिहिणाऱ्यातली मी नाही. जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला कापडाचं वजन किती ग्रॅम) किती, कलर कुठले, साइज चार्ट हे सगळं वेबसाइटवर असतंच, ते परत लिहीत नाही. ब्रँडचं नावही लिहीत नाही, कारण चार-पाच ब्रँडची लेडीज जॅकेटं बघून झाली आता आणि ज्या गोष्टीवरून माझं डोकं फिरलंय ती सगळीकडं तशीच आहे.

वापर कसा ते आधी. राहायला साताऱ्यात, शाळा वर कासच्या रस्त्याला, जिल्हा परिषदेची. रोज गाडीवर यवतेश्वरचा घाट. एरवी निघायच्या वेळेला उन्हं आलेली असतात, पण शनिवारी सकाळची शाळा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत अंधारातच गाडी काढायची. पोवई नाक्यापर्यंत नुसता गारठा असतो, तो चालतो हो, घाट संपून पठारावर आलं की खरा वारा. तिकडचा वारा काय आहे हे सातारकरांना सांगायला नको, चाळकेवाडीला एवढ्या पवनचक्क्या उगीच नाही उभ्या केल्या.

इतकी वर्षं स्वेटर आणि वर विंडचीटर असं चाललं होतं. विंडचीटर काखेत फाटला, आणि वर्गात फळ्यावर लिहायला हात उचलला की चुरचुर आवाज, पोरं हसायची. म्हणून दिवाळीनंतरच्या सेलमध्ये हे घेतलं, ३,२०० ला. आमच्याकडं कपड्यावर ३,२०० म्हणजे घरात चर्चा होते. सासूबाई माणदेशातल्या, त्यांनी कापड चिमटीत धरून विचारलं, कुठल्या मेंढीची लोकर? म्हटलं मेंढी नाही आई, पॉलिस्टर आहे, १९७९ मध्ये अमेरिकेत माल्डन मिल्स म्हणून गिरणी होती तिनं काढलं हे कापड. त्यावर त्या म्हणाल्या एवढ्यात दोन घोंगडी आली असती. खरं सांगायचं तर वाऱ्याला घोंगडं साध्या फ्लीसपेक्षा नक्कीच भारी, फक्त घोंगडं घेऊन स्कूटर चालवता येत नाही.

तर साध्या फ्लीसची भानगड अशी की त्याच्या केसाळपणात हवा अडकते आणि ती हवाच ऊब धरते, कापड स्वतः काही गरम नसतं. घरात बसलात तर झकास. गाडीवर बसलं की समोरचा वारा ती अडकलेली हवा ढकलून बाहेर काढतो आणि मग ३०० जीएसएमचं घाला नाहीतर १०० चं, छाती गार पडायची ती पडतेच. नवऱ्यानं मला विंड चिलचं, म्हणजे वाऱ्यामुळं थंडी किती जास्त लागते त्याचं, कोष्टक काढून दाखवलं, ते अमेरिका-कॅनडाचे हवामानवाले वापरतात ते. हवा १० अंश आणि वारा ताशी ४० किमी असला तर उघड्या कातडीला ६ अंशासारखं लागतं. आणि वारा वाहायलाच पाहिजे असंही नाही, आपली गाडी ४० नं चालली तरी तेच. जानेवारीत पहाटे १०-१२ अंश आपल्याकडं नवीन नाही, त्यामुळं हे कोष्टक मला पटलं. (नवऱ्याचा मुद्दा हा होता की म्हणून घरी बस आणि बदली घे. असो.)

विकत घेताना दोन प्रकार असतात हे लक्षात घ्या, लेबलवर बऱ्याचदा दोन्हीला विंड रेझिस्टंटच लिहितात. एका प्रकारात कापडाची वीणच घट्ट असते, पोलारटेक कंपनीचं विंड प्रो त्यातलं, ते स्वतः सांगतात साध्या फ्लीसच्या चौपट वारा अडतो म्हणून. दुसऱ्यात फ्लीसच्या दोन थरांच्या मधे एक पातळ फिल्म चिकटवलेली असते, गोअरवाल्यांचं विंडस्टॉपर हे त्यातलं नावाजलेलं. फिल्मवालं वारा जवळजवळ पूर्ण अडवतं पण जरा ताठर असतं, ताणलं जात नाही आणि घामाची वाफ हळू सोडतं. ओळखायचं कसं, तर कापडाला तोंड लावून जोरात फुंकर मारायची आणि पलीकडं तळहात धरायचा. हाताला हवा लागली नाही की फिल्म आहे. दुकानातला पोरगा माझ्याकडं बघतच राहिला, मॅडम ट्रायल रूम तिकडं आहे म्हणाला. बघू दे. ऑनलाइन घेणाऱ्यांना ही सोय नाही, त्यांनी वर्णनात मेम्ब्रेन किंवा बाँडेड शब्द आहे का ते बघावं. माझं फिल्मवालं आहे.

पहिल्या शनिवारी घाट चढून गेले आणि खरंच सांगते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा दंडाला, खांद्याला, पोटाला वारा म्हणून लागला नाही. ऊब अशी की हेल्मेटच्या आत मी हसत होते. आणि तेवढ्यात जाणवलं की गळ्याखालून बेंबीपर्यंत, बरोब्बर मधोमध, ओल्या सुतळीनं रेघ ओढावी तसा गारवा उतरतोय. आधी वाटलं कॉलरमधून येत असेल, म्हणून स्टोल गुंडाळला. तरी तेच. शाळेत गेल्यावर जॅकेट काढलं, खिडकीला धरलं आणि चेन लावून बघितली तर दातांमधून उजेड दिसतोय! सगळ्या कापडाला फिल्म लावून वारा बंद केला आणि जिथं वारा समोरून थेट आपटतो तिथं वरपासून खालपर्यंत उघडी फट ठेवली. मागं पट्टी नाही. नुसती दोन बोटं रुंदीची कापडाची पट्टी चेनच्या मागून शिवली असती तर काम झालं असतं, किती खर्च आला असता, दहा रुपये?

बरं चेनही कुठली, तर मोठ्या प्लास्टिक दातांची, दिसायला दणकट. बारीक गुंडाळीवाली कॉइल चेन असते ना, तिच्यातून त्या मानानं कमी वारा येतो. पण दोन्हीला मागं पट्टी हवीच. माझ्या भावाचं त्याच ब्रँडचं जेन्ट्स जॅकेट आहे, किंमत सारखीच, त्याला आख्खी पट्टी, वर हनुवटीला चेन टोचू नये म्हणून टोपीसारखी घडी. आमच्या जॅकेटला त्याऐवजी कमरेला शेप दिलाय. पठारावरच्या वाऱ्याला शेपचं काय कौतुक?

त्या दिवसापासून मला वेड लागल्यासारखं झालंय, कुणाचंही जॅकेट दिसलं की मी आधी चेनमागं बघते. हेडमास्तरांचंही बघितलं. त्यांना पट्टी आहे.

जानेवारीभर मी ओढणीची चौपदरी घडी करून चेनच्या मागं खुपसायची. घाईत राहिली तर पेपर. बुलेटवाले जुने लोक छातीला पेपर लावायचे ते आठवलं, फुकटात वारा बंद, शाळेत पोचल्यावर वाचायलाही होतो.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. खिसे उथळ आहेत, मोबाइल निम्मा बाहेर राहतो, खिशाला चेन नाही. कोरड्या थंडीत काढताना चटचट आवाज आणि केस उभे, दाराच्या कडीला हात लावला की झटका. खडूची धूळ अशी धरतं की झटकून जात नाही. आणि कुसळं! पावसाळा संपून गवत वाळलं की आमच्या शाळेच्या आवारातून नुसतं चालत गेलं तरी बाह्यांना कुसळं. बाहेरूनही केसाळ असणारं घेतलंत तर ती उपटत बसायची तयारी ठेवा, माझ्या चौथीतल्या मुली मधल्या सुट्टीत आनंदानं हे काम करतात. बाहेरून गुळगुळीत कापड आणि आतून फ्लीस असा एक प्रकार मिळतो, आमच्या भागाला तो बरा.

धुण्याचं मात्र लक्षपूर्वक वाचा. गार पाणी, उलटं करून, लिक्विड साबण, आणि कपडे मऊ करायचं ते सुगंधी लिक्विड अजिबात घालायचं नाही, त्याचा थर बसतो आणि घाम शोषून बाहेर सोडायचं काम मंदावतं. इस्त्री तर नावच काढू नका, पॉलिस्टर आहे, केस वितळून चपटे होतात आणि आतली फिल्म सुटण्याची भीती. सासूबाईंनी एकदा प्रेमानं ब्रश मारून धुतलं, कोपरापाशी तेव्हापासून गोळे आहेत.

आता इथं माझं मत बदललं ते सांगते. हिवाळ्यात मला कुणी विचारलं असतं तर पट्टी सोडून दहापैकी नऊ दिले असते. पण फेब्रुवारीत एका रविवारी हेच घालून अजिंक्यताऱ्यावर चालत गेले तर निम्म्यात आतला टी-शर्ट पिळून निघेल इतका घाम. चढताना फिल्म नको वाटते, साधं फ्लीस हवं. ज्यांना पायी फिरायचंय त्यांनी साधं फ्लीस अधिक पातळ विंडचीटर असंच घ्यावं, पैसेही वाचतात, गरम झालं की एक काढून पिशवीत टाकता येतं. हे जॅकेट बसून वारा खाणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे गाडीवाल्यांसाठी.

दुसरं पावसाळ्यात कळलं. जुलैत वर धुकं असतं, सारखी भुरभुर, गारठा डिसेंबरइतकाच वाटतो. सुरुवातीला थेंब वरून घरंगळतात, मग शिलाईतून पाणी आत शिरतं, कारण वाराबंद म्हणजे पाणीबंद नव्हे, शिलाईला आतून टेप लावलेला नसतो. वर रेनकोट लागतोच. आणि एकदा भिजलं की मधल्या फिल्ममुळं वाळता वाळत नाही. माझं जुनं साधं फ्लीस पंख्याखाली रात्रीत वाळतं, हे दुसऱ्या दिवशीही काखेत ओलं. कुबट वास येतो. पावसाळ्यापुरते नवाचे सहा झाले.

आणि अशात चेन गेली. दात नाही गेले, खाली ती पिन असते ना जी दुसऱ्या बाजूच्या डबीत घालतो, ती मुळापासून तुटली. आता खालून सुटणाऱ्या चेनची पिन गेली की रनर घालायलाच जागा नाही, म्हणजे आख्खी चेन गेली.

वॉरंटी एक वर्षाची होती, वर्ष व्हायचं होतं, बिल जपून ठेवलेलं. कस्टमर केअरला फोन केला, मुलगी गोड बोलली, मॅम फोटो मेल करा. केले. उत्तर आलं, चेन हा भाग नेहमीच्या झिजेत मोडतो, वॉरंटी कापड आणि शिलाईवर आहे. मी लिहिलं, जॅकेटची चेन रोज उघडायची-लावायचीच असते, न झिजता कशी वापरायची ते कळवा. मग वरच्या कुणाचा तरी फोन, अपवाद म्हणून बदलून देऊ, पण जॅकेट तुम्ही तुमच्या खर्चानं पाठवायचं, तीन ते चार आठवडे लागतील आणि चेनचा चार्ज ६५० रुपये. मी विचारलं मागं पट्टी लावून देणार का. तो म्हणाला मॅम डिझाइनमध्ये बदल करता येत नाही. इथं मी फोन ठेवला.

राजवाड्याच्या बाजूला बॅगा आणि चेन दुरुस्त करणारे एक मामा बसतात, त्यांच्याकडं नेलं. त्यांनी चष्मा वर केला, चेन बघितली आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "बाई, याला मागं पट्टी न्हाई." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. म्हणाले पाच नंबरची कॉइल चेन घालतो, मोठे दात नकोत. पट्टीसाठी कापड मीच दिलं, तोच काखेत फाटलेला विंडचीटर, त्याची पाठ चांगली होती. दुहेरी घडी घालून हनुवटीपासून खालपर्यंत पट्टी, वरच्या टोकाला चेन झाकणारी छोटी घडी, तीही न सांगता. सुईच्या भोकांमुळं तिथली फिल्म थोडी फुटते हे खरंय, पण भोकांवर पट्टीच आहे, मला तरी काही जाणवत नाही. चेन, मजुरी सगळं धरून २२०, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात.

आतल्या बाजूला आता निळी पट्टी दिसते, जॅकेट मरून आहे, मॅचिंगची आवड असणाऱ्यांना चालणार नाही. मला चालतं. परवा भुरभुर थांबल्यावर घाटातून वर गेले, वारा भरपूर होता, छातीला काही लागलं नाही. खरी परीक्षा डिसेंबरच्या शनिवारी, तेव्हा याच्याच खाली लिहीन.

तोपर्यंत एक काम करा. लेडीज साइजमध्ये चेनमागं आख्खी पट्टी असलेलं, फिल्मवालं, तीन हजारांच्या आत कुणाला दिसलं तर सांगा. माझ्या जावेला घ्यायचंय, ती रोज मेढ्याला गाडीवर जाते-येते. वर्णनात नुसतं स्टॉर्म फ्लॅप (या पट्टीचंच इंग्रजी नाव) लिहिलेलं असून उपयोग नाही, आतल्या बाजूचा चेन लावलेला फोटो टाका.