जुन्या मोटर-यॉटची डिझेल इंजिने: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये, पावसाळा सरल्यावर, आम्ही दोघा भावांनी मिळून मुंबईत एक 38 फुटी जुनी मोटर-यॉट विकत घेतली. मेअखेरीस ती किनाऱ्यावर ओढून ठेवली, तोवर प्रत्येक इंजिनाचे 210 तास भरले होते. जुनी बोट घेणारे बहुतेक लोक केबिन, गाद्या आणि रंग पाहून निर्णय घेतात. माझे ठाम मत असे झाले आहे की, आधी इंजिने पसंत करावीत आणि मग त्यांच्यासोबत येणारी बोट आपल्याला चालेल का, याचा विचार करावा.

आमच्यापुढे दोन बोटी होत्या. एक दिसायला नवी, प्रत्येकी 3 लिटरच्या, 260 अश्वशक्तीच्या आणि पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनांची. दुसरी जुनी, पण तिच्यात कमिन्सची 5.9 लिटरची, सहा सिलिंडरची, यांत्रिक इंधनपंपाची 270 अश्वशक्तीची जोडी आणि थेट शाफ्टवर (इंजिनाची फेरी पुढे नेणाऱ्या दांड्यावर) बोट ढकलणारे पंखे. पहिल्या बोटीत एका लिटरमागे जवळपास 87 अश्वशक्ती काढली जात होती, दुसरीत जेमतेम 46. तेवढ्याच ताकदीसाठी मोठे इंजिन कमी ताणले जाते, आणि मुंबईजवळ समुद्राचे पाणीच वर्षातला बराच काळ 28 ते 30 अंश असल्यामुळे थंड करण्याची सवलत मुळात कमी मिळते. म्हणून आम्ही दुसरी घेतली.

निवडीमागे दुसरेही कारण होते. 1993 मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्सने जमशेदपुरात याच मालिकेची इंजिने टाटांच्या ट्रकांसाठी बनवली, त्यामुळे हा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) उघडून बसवलेले हात आपल्याकडे सहज मिळतात. मात्र खाऱ्या पाण्याचा पंप, हीट एक्स्चेंजर (इंजिनातले पाणी समुद्राच्या पाण्याने गार करणारा) आणि आफ्टरकूलर (इंजिनात जाणारी दाबलेली हवा गार करणारा) हे बोटीचे खास भाग ट्रकच्या दुकानात मिळत नाहीत, आणि एकाच ब्लॉकच्या वेगवेगळ्या अश्वशक्तीच्या आवृत्त्यांत आतले भागही बदलतात. तेव्हा इंजिनावरच्या पाटीवरील क्रमांक पाहूनच सुटे भाग मागवावेत.

खरेदीपूर्व तपासणीचा एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. पहिली बोट पाहायला आम्ही सकाळी आठला गेलो, आणि ब्लॉकवर तळहात ठेवला तर तो कोमट लागला. आम्ही पोहोचण्यापूर्वीच कोणीतरी इंजिन चालवून ठेवले होते. थंड इंजिन सुरू होताना निघणारा धूर हीच पहिली परीक्षा असते. रेंगाळणारा पांढरा धूर जळू न शकलेल्या इंधनाकडे किंवा सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याकडे, निळा जळणाऱ्या तेलाकडे, तर भाराखाली येणारा काळा धूर हवेच्या कमतरतेकडे किंवा अतिभाराकडे बोट दाखवतो. ती परीक्षा आमच्यापासून हिरावून घेतली गेली, याचा मला आजही राग आहे.

आमच्या बोटीच्या चाचणीत मात्र सर्व्हेअरने (बोटीची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने) दोन्ही इंजिने पूर्ण थ्रॉटलवर चालवली. डावे ठरल्याप्रमाणे मिनिटाला 2600 फेऱ्यांना पोहोचले, उजवे 2380 वर अडले आणि काळा धूर सोडू लागले. बोट वर काढल्यावर उजव्या पंख्यावर शंखशिंपल्यांचा थर आढळला. तो खरवडूनही आकडा 2500 च्या पुढे जाईना, म्हणून आफ्टरकूलर उघडला. आतल्या बारीक पत्र्यांवर तेलात कालवलेली, बोटाला चिकटणारी काळी पूड साचली होती आणि खाऱ्या पाण्याच्या बाजूला मिठाचे खडे धरले होते. आधीच्या मालकाने तो वर्षानुवर्षे उघडलेला नव्हता. साफसफाई करून नव्या ओ-रिंगा घातल्यावर दोन्ही इंजिने बरोबरीने धावू लागली. तो खर्च आम्ही बोटीच्या किमतीतून वजा करून घेतला.

वापरातील आकडे असे: 8 नॉट्सला (ताशी 8 सागरी मैलांना) दोन्ही इंजिने मिळून तासाला सुमारे 17 लिटर डिझेल लागते, 15 नॉट्सला सुमारे 72. म्हणजे एका सागरी मैलाचा खर्च 2 लिटरवरून जवळपास 5 लिटरवर जातो. आम्ही मांडव्याला जाताना बहुधा 8 नॉट्सनेच जातो, पण आमच्यासारखे टर्बो (जादा हवा दाबून आत घेणारे) इंजिन सतत इतक्या कमी भारावर चालवल्यास काजळी साठते, म्हणून परतीच्या वाटेवर पंधरा मिनिटे तरी 2200 फेऱ्यांवर नेतो. ज्यांना कायम संथच फिरायचे आहे, त्यांनी एवढी अश्वशक्ती विकत घेऊच नये.

तक्रार आहे ती जागेची. उजव्या इंजिनाची बाहेरची बाजू हुलला (बोटीच्या बाहेरच्या भिंतीला) इतकी खेटून आहे की खाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे रबरी चक्र) बदलायला पोटावर झोपून, न बघता, चाचपडत काम करावे लागते. बंदरातील गाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांमुळे समुद्राच्या पाण्याची गाळणी तर दर फेरीनंतर उघडतो, आणि इम्पेलर आठ महिन्यांत दोनदा बदलला. बोट पाहायला जाल तेव्हा इंजिन-खोलीत स्वतः उतरा, आणि इम्पेलर, तेलाचा फिल्टर व डिपस्टिक (तेलाची पातळी मोजण्याची कांडी) यांच्यापर्यंत आपला हात पोहोचतो का, हे दोन्ही इंजिनांवर करून पाहा. आम्ही फक्त डाव्या इंजिनावर पाहिले होते.