ईएलएम३२७ ब्लूटूथ स्कॅनर: पी०४२० च्या निदानाला कितपत पुरतो?

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर लावला की पी०४२० हा बिघाडाचा कोड दिसतो, आणि लगेच निकाल ऐकू येतो: "कॅट गेला, बदलावा लागेल." कॅट, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, हा गाडीतला एक अतिशय महाग भाग असा एका ओळीच्या पुराव्यावर बदलला जातो आणि पुष्कळदा काही आठवड्यांत तोच कोड परत येऊन बसतो. नुसता कोड वाचायला वापरला तर गाडीच्या ओबीडी (निदानाच्या) सॉकेटला लावायची ईएलएम३२७ जातीची डबी, म्हणजे हा स्वस्त स्कॅनर, या नुकसानीला हातभारच लावतो. पण याच डबीतून कॅटच्या पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे आलेख मोबाइलवर एकाखाली एक लावून बघितले, तर कॅटच्या तक्रारीतलं अर्ध्याहून अधिक निदान घरच्या घरी होतं. हा आढावा तेवढ्याच कामापुरता आहे.

आधी डबीबद्दल. ईएलएम३२७ हे मुळात एका चिपचं नाव. बाजारात या नावानं मिळणाऱ्या बहुतेक डब्यांत तिची नक्कल असते. नक्कल असल्यानं बिघडत नाही, अर्धवट नक्कल असली की बिघडतं. गंमत म्हणजे खोक्यावर १.५ छापलेल्या डब्या २.१ छापलेल्यांपेक्षा अनेकदा बऱ्या चालतात, आणि १.५ ही आवृत्ती मूळ कंपनीनं कधी काढलीच नव्हती! तेव्हा खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नये. परत करण्याची मुदत आहे तोवर एक चाचणी करून घ्यावी. टर्मिनलची (हातानं आदेश टाइप करण्याची) सोय असलेल्या अ‍ॅपमधून आधी ०९०२ आणि मग ०६२१ असे आदेश पाठवायचे. पहिल्याचं उत्तर म्हणजे गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे बँक १ च्या (सिलिंडरांच्या पहिल्या रांगेच्या) कॅटचा चाचणी निकाल. कॅन प्रोटोकॉलच्या (नव्या, वेगवान संपर्क पद्धतीच्या) गाडीत एका फ्रेममध्ये ७ बाइट मावतात. कॅटच्या एका चाचणीचं उत्तरच १० बाइटचं असतं, म्हणजे ते तुकड्यांत येणार, आणि पहिला तुकडा मिळाल्यावर "पुढचं पाठव" हे स्कॅनरनं गाडीला कळवायला हवं. अर्धवट नक्कल नेमकी इथे अडकते: पहिली ओळ येते आणि पुढे शुकशुकाट. चासी नंबर पूर्ण आला पण ०६२१ ला काहीच उत्तर नाही, असं झालं तर दोष डबीचा नाही, त्या गाडीत ती सोय नाही. दोन्ही अर्धवट आले तर डबी परत करावी. कॅटच्या कामासाठी ती निरुपयोगी आहे.

आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ चालत नाही. वायफायची किंवा ब्लूटूथ एलईची डबी घ्यावी लागते. शिवाय सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनेला बॅटरीचा पुरवठा किल्ली काढल्यावरही चालू राहतो. डबी तशीच लावून ठेवली आणि गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते. काम झालं की काढून ठेवायची.

आता मूळ मुद्दा. पी०४२० चा अर्थ "कॅट बंद पडला" असा नाही. कार्यक्षमता ठरवून दिलेल्या मर्यादेखाली गेल्याचं ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, वाटलं, एवढाच अर्थ आहे. ईसीयू कॅटमधून बाहेर पडणारा धूर तपासत नाही. तो कॅटची ऑक्सिजन साठवण्याची ताकद मोजतो. आतल्या जाळीवरच्या लेपात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांच्यासोबत सेरियम ऑक्साइड असतं. मिश्रण पातळ झालं (हवा जास्त, इंधन कमी) की ते ऑक्सिजन धरून ठेवतं, गाढ झालं (इंधन जास्त) की सोडतं. त्यामुळे पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सारखा वरखाली होत असला तरी निरोगी कॅटमागचा सेन्सर ०.६ ते ०.८ च्या आसपास जवळजवळ सरळ रेघ काढतो. साठवण संपली की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो. ही नक्कल डोळ्यांनी बघता येणं, हीच या स्कॅनरची खरी कमाई.

डबी लावल्यावर पहिला मोह कोड पुसण्याचा होतो. तो आवरायचा. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली टक्केवारीतली कमी-जास्त). या सगळ्याचा आधी स्क्रीनशॉट घ्यावा. सोबत दुसरे कोड आहेत का बघावं, पेंडिंगसकट (अजून पक्के न झालेले). पी०३०० ते पी०३०८ पैकी मिसफायरचा (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचा) एखादा, मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१, किंवा सेन्सरच्या हीटरचे पी०१३५ आणि पी०१४१ असतील तर कॅटचा विषय बाजूला ठेवून आधी ते मिटवायचे. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिमची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत नसेल तरीही तसंच. मिश्रणच बिघडलेलं असताना कॅटची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

आलेख बघण्याआधी गाडी १५ मिनिटं चालवून कॅट नीट तापवावा. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या खाली तो काम सुरूच करत नाही. मग न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएम दोन-तीन मिनिटं स्थिर धरून दोन्ही सेन्सर बघायचे, बँक १ सेन्सर १ (पुढचा) आणि बँक १ सेन्सर २ (मागचा). नुसत्या आयडलवर बघून निर्णय घेऊ नये. आयडलला कॅट थंडावतो आणि चांगल्या कॅटमागचा सेन्सरही डोलायला लागतो. आणि पडद्यावर हे दोनच आकडे ठेवायचे. इथे डबीची मोठी मर्यादा उघडी पडते. के-लाइनवर (जुन्या, संथ संपर्क पद्धतीवर) चालणाऱ्या जुन्या गाड्यांत सेकंदाला मोजकीच उत्तरं मिळतात. डायल, तापमान, वेग, सगळं एकदम लावलं तर प्रत्येक सेन्सरचा नंबर एक-दोन सेकंदांनी लागतो आणि झपाझप हलणारा पुढचा सेन्सर आळशी दिसतो. चांगला सेन्सर असा फुकट बदलला जातो. कॅनच्या गाड्यांत वेग बराच बरा, तरी दोनाचा नियम पाळलेला चांगला.

दुसरी फसगत वाइडबँड सेन्सरची. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढे एअर-फ्युएल सेन्सर असतो, तो ०.१ ते ०.९ असा झोके घेतच नाही. त्याचं वाचन लॅम्डामध्ये (हवा-इंधनाचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं) बघावं लागतं, १ च्या आसपास हलकं थरथरणारं. अ‍ॅपमध्ये जुन्या पद्धतीचा व्होल्टेज निवडला तर आकडा येत नाही किंवा दिशाभूल करणारा येतो, आणि "पुढचा सेन्सर मेला" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. अशा गाडीत पुढच्याशी तुलना सोडून मागचा सेन्सर स्थिर आहे की नाही, एवढंच बघावं.

मागचा सेन्सर डोलतोय असं दिसलं की पुष्कळ जण तोच बदलतात. हा खर्च बहुधा वाया जातो, आणि कारण सरळ आहे: म्हातारा, सुस्त सेन्सर सरळ रेघ काढतो, म्हणजे खराब कॅटलाही तो चांगला दाखवेल. पी०४२० येण्यासाठी मागचा सेन्सर चपळ असावा लागतो. तरी त्याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबला की व्होल्टेज ०.८ च्या वर जायला हवा. वेगात असताना पाय पूर्ण काढून गाडी गिअरमध्येच घरंगळू दिली की इंधन तुटतं आणि व्होल्टेज शून्याजवळ यायला हवा. दोन्ही जमलं तर सेन्सर ठीक आहे. बदलायचाच झाला तर सहसा एम१८ × १.५ आटे आणि २२ मिलिमीटरचा, वायरसाठी चीर असलेला सॉकेट लागतो. इंजिन कोमट असताना सोडवला तर आटे वाचतात. अँटी-सीझ फक्त आट्यांना लावायचं, टोकाला लागलं की नवा सेन्सरही गेला.

स्कॅनर जे अजिबात दाखवू शकत नाही ते म्हणजे एक्झॉस्टची गळती, आणि पी०४२० च्या खोट्या निकालांमागे तीच वरचेवर सापडते. एक्झॉस्टमधला दाब ठोक्याठोक्यानं येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. मॅनिफोल्डला (इंजिनलगतच्या धुराच्या नळीला) तडा असेल तर पुढचा सेन्सर जादा ऑक्सिजन बघून मिश्रण पातळ समजतो, ईसीयू इंधन वाढवतो आणि ट्रिम अधिककडे सरकतो. कॅट आणि मागचा सेन्सर यांच्या दरम्यान फट असेल तर ट्रिम जागेवर राहतो, पण मागचा व्होल्टेज अधूनमधून खाली कोसळतो आणि चांगला कॅट गुन्हेगार ठरतो. थंड इंजिन चालू करून टिकटिक ऐकावी आणि गॅस्केटच्या जोडांवर काजळीचे पट्टे शोधावेत. पाइप थंड असतानाच जोडांवर साबणाचं पाणी टाकून कोणी क्षणभर शेपटीचा पाइप जाड फडक्यानं दाबला तर बुडबुडे दिसतात. स्मोक मशीन असलेलं गॅरेज मिळालं तर उत्तमच.

चोंदलेला कॅट हीसुद्धा निराळी गोष्ट आहे. पी०४२० म्हणजे कॅट तुंबला असं नाही, आणि तुंबलेला कॅट हा कोड देईलच असंही नाही. गाडीचा पिकअप पडला असेल तर पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावावा. आयडलला सुमारे १० किलोपास्कल आणि २५०० आरपीएमला सुमारे २० किलोपास्कलच्या वर दाब गेला की पुढे अडथळा आहे असं समजावं. इन्फ्रारेड तापमापीनं कॅटच्या मागचं-पुढचं तापमान मोजण्याची जुनी युक्ती मात्र आताच्या इंजिनांत भरवशाची नाही. मिश्रण इतकं काटेकोर असतं की कॅटमध्ये जाळायला फारसं काही उरतच नाही. अ‍ॅपवर दिसणारं कॅटचं तापमान तर कित्येक गाड्यांत मोजलेलं नसतं, ईसीयूनं हिशेब करून सांगितलेलं असतं. त्याला पुरावा मानू नये.

याच कामासाठी विकल्या जाणाऱ्या इतर दोन वस्तूंबद्दल थोडक्यात. इंधनात ओतायच्या क्लीनरनं काजळी थोडीफार कमी होऊ शकते. पण कॅट मरतो तो बहुधा ऑइलमधल्या फॉस्फरस आणि झिंकच्या थरानं, हेड गॅस्केटमधून झिरपणाऱ्या कूलंटनं, किंवा मिसफायरमध्ये न जळलेलं इंधन आत पेटून जाळी वितळल्यानं. यातलं काहीही बाटलीनं परत येत नाही. दुसरी वस्तू म्हणजे मागच्या सेन्सरखाली लावायचा स्पेसर. तो सेन्सरला प्रवाहाबाहेर ओढतो, दिवा विझतो, धूर तसाच राहतो. पुष्कळ ठिकाणी तो बेकायदेशीरही आहे. दुरुस्तीच्या यादीत त्याला जागा नाही.

गळती नाही, ट्रिम ठीक, मिसफायर नाही, मागचा सेन्सर चपळ आणि तरीही तो डोलतोय, एवढं जुळलं तर कॅट गेला असं म्हणायला हरकत नाही. त्याआधी गाडीच्या सर्व्हिस सेंटरला ईसीयूचं नवं सॉफ्टवेअर आहे का, हे विचारून घ्यावं. काही मॉडेलमध्ये मर्यादाच फार कडक ठेवलेली होती आणि ती नंतर अपडेटनं बदलली गेली. नवा कॅट घेताना स्वस्त आफ्टरमार्केट मालात मौल्यवान धातू आणि सेरियम दोन्ही कमी असतात, हे धरून चालावं. बसवल्यावर गाडी छान चालते, आणि काही महिन्यांत पी०४२० परत येतो. जुना कॅट कशानं मेला ते शोधलं नसेल तर कंपनीचा अस्सल भागही त्याच वाटेनं जातो. ऑइल कमी होतंय का, कूलंट कमी होतंय का, प्लगवर राखेचा थर आहे का, हे बसवण्याआधी बघायचं.

आणि बसवल्यावर स्कॅनरचं शेवटचं काम. कोड पुसल्यावर कॅटची स्वयंचाचणी लगेच होत नाही. इंजिन पूर्ण तापवून स्थिर वेगानं १० ते १५ मिनिटं, मधूनमधून पाय काढून गाडी घरंगळू देत, अशी एक-दोन वेळा चालवावी लागते. रेडिनेसमध्ये (स्वयंचाचण्या झाल्या का ते दाखवणाऱ्या पानावर) "कॅटॅलिस्ट पूर्ण" दिसलं की मोड ०६ उघडून २१ चा आकडा (आधीच्या ०६२१ चाच) त्याच्या किमान आणि कमाल मर्यादेशी ताडून बघायचा. काही गाड्या साठवणशक्ती मोजतात, तिथे आकडा किमान मर्यादेच्या वर जितका जास्त तितका चांगला. काही गाड्या मागच्या सेन्सरची हालचाल मोजतात, तिथे तो कमालच्या जितका खाली तितका चांगला. "पास" या शब्दावर थांबू नये. मर्यादेला खेटून पास झालेला नवा कॅट लवकरच नापास होणार, आणि वॉरंटी चालू असताना दाखवायला हा स्क्रीनशॉट उपयोगी पडतो.