तालुक्याला येणारी मानसिक आरोग्य ओपीडी: घरच्या माणसाचा अनुभव

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येण्याचा मानसिक आजार. एमआयडीसीत टर्नर होते, हात फार चांगला. सासू-सासरे गेल्यापासून त्यांचं औषधपाणी मी बघते. मी अंगणवाडी सेविका, त्यामुळे सरकारी रजिस्टर, मानधन, रिपोर्ट ही बाजूही मला कळते. आमच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम येते. तिच्याबद्दल लिहिते आहे, कारण ही सोय आहे हेच पुष्कळ घरांना माहीत नाही.

केसपेपर, तपासणी, गोळ्या, सगळं मोफत. पूर्वी आम्ही जिल्ह्याच्या गावी खासगी डॉक्टरांकडे जायचो. फी, गोळ्या, दोघांचं एसटीचं भाडं आणि माझी एक रजा. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं तर भाऊजी जेवण सोडायचे. इथे मात्र ते स्वतः चप्पल घालून निघतात. खोली लसीकरणाच्या शेजारी आहे, त्यामुळे बाहेर बसलेला माणूस कशासाठी आलाय ते कोणाला कळत नाही. गावात राहणाऱ्याला विचारा, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

डॉक्टरांचा वेळ कमी मिळतो. गर्दीच तेवढी असते, मी त्यांना दोष देणार नाही. या ओपीडीचा खरा आधार म्हणजे तिथल्या सिस्टर आणि सोशल वर्कर मॅडम. एकदा भाऊजींनी हात थरथरतात म्हणून सांगितलं. सिस्टरांनी त्यांना दोन्ही हात पुढे धरायला लावले आणि बोटांवर त्यांचाच केसपेपर ठेवला. कागद फडफडायला लागला. तो तसाच डॉक्टरांना दाखवला आणि रिस्पेरिडोन या आजारावरच्या गोळीसोबत थरथर कमी करणारी गोळी सुरू झाली. "दादा, गोळी आवडत नाही म्हणून बंद करायची नाही, मला येऊन सांगायचं," एवढंच त्या म्हणाल्या. भाऊजींनी ते पाळलं.

सोशल वर्कर मॅडम घरी आल्या तेव्हा कार्यक्रमाचं नाव लिहिलेली जीप त्यांनी देवळापाशीच थांबवली आणि आमच्यापर्यंत चालत आल्या. पडवीत बसून भाऊजींची झोप विचारली, मग माझी विचारली. इतक्या वर्षांत मला माझी झोप विचारणारी ती पहिली बाई. मॅडम एका वर्कशॉपच्या मालकांशीही बोलल्या आणि भाऊजी अर्धा दिवस कामाला जायला लागले. गोळ्यांनी आवाज थांबले होते, पण माणूस उठून बसला तो या कामामुळे.

पुढे मॅडमांचं कंत्राट संपलं. जागा कितीतरी महिने रिकामी राहिली. ओपीडी चालूच होती, बोर्ड होता, बुधवारही होता. पण गैरहजर पेशंटला फोन करणारं कोणी उरलं नाही. त्यातच गोळ्यांचा साठा संपला आणि खिडकीवर "बाहेरून घ्या" असं उत्तर मिळालं. मी अंगणवाडीच्या सर्व्हेत अडकले होते, आणि भाऊजींनी गोळ्या सोडल्या. अंघोळ बंद, रात्री भिंतीशी बोलणं, मग रात्री-अपरात्री बाहेर पडणं. वर्कशॉपचं काम गेलं. अशाच एका रात्री मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन केला. ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलतात. पलीकडच्या ताईंनी शांतपणे सगळं विचारलं, त्या रात्री काय करायचं आणि काय करायचं नाही ते सांगितलं. मला फार धीर आला. पण फोनवरची ताई सकाळी दारात येऊ शकत नाही.

म्हणून मला पैशाबद्दल बोलायचं आहे. हा कार्यक्रम 1996 साली कर्नाटकातल्या बेल्लारीच्या प्रयोगावरून देशात सुरू झाला. बाराव्या पंचवार्षिक योजनेत एका जिल्ह्यासाठी वर्षाला 83.2 लाख रुपयांपर्यंत मदत ठरली. त्यात टीमचे पगार, औषधं, प्रशिक्षण, जनजागृती सगळं आलं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मोठ्या माणसांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार होता. एवढ्यांसाठी ही रक्कम थोडीच, आणि त्यातही माणसं कंत्राटावर. पोस्टर किती लावले, शिबिरं किती झाली, हे रिपोर्टात पटकन भरता येतं. मीही असे रिपोर्ट भरते. पण गेल्या महिन्यात न आलेल्या किती जणांच्या घरी कोणी गेलं, हा रकाना मला सगळ्यात वर हवा आहे. त्या जाणाऱ्या माणसाचा पगार अनुदानात आधी बाजूला काढून ठेवावा, बाकीचं नंतर.

असं घरोघर जाणं जमू शकतं, हे आपल्याच महाराष्ट्रात दिसलंय. अमरावती जिल्ह्यात टाटा ट्रस्टच्या मदतीने 'विश्राम' प्रकल्प झाला. 30 गावांत गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघर गेले, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. गावातली माणसं शिकवून, त्यांना मोबदला देऊन हे झालं. देणगीच्या पैशाला मुदत असते, म्हणून असं काम सरकारी बजेटात कायमचं बसायला हवं.

सध्या नवीन सोशल वर्कर रुजू झाले आहेत. तरुण आहेत, घाईत बोलतात, पण न आलेल्या पेशंटची यादी त्यांनी पहिल्याच महिन्यात सिस्टरांकडून मागून घेतली. भाऊजी पुन्हा गोळ्या घेतात. वर्कशॉपचं अजून जमलेलं नाही.

पाचपैकी किती, असं विचाराल तर तपासणी आणि वागणुकीला पाच, औषधांच्या साठ्याला दोन, आणि माणसं टिकण्याला एक.

जाणाऱ्यांसाठी: नऊच्या आत नंबर लावा, साडेबारानंतर फक्त गोळ्या मिळतात. जुनी चिठ्ठी आणि आधार न्या. गोळ्या नाहीत असं सांगितलं, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मधलं कलम 18 दाखवा. आवश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळायला हवीत, असं त्यात लिहिलं आहे. मी त्याची मराठी प्रत केसपेपरसोबत ठेवते. भांडू नका, अधीक्षकांच्या नावाने अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्या अर्जानंतर पुढच्या बुधवारी साठा आला होता.