उद्योजकता शिकवायची कशी: बिझनेस प्लॅन की प्रत्यक्ष उत्पादन?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांना उद्योजकतेचा अभ्यासक्रम सुरू करताना हा पेच पडतोच: मुलांकडून बिझनेस प्लॅन लिहून घ्यायचा, की गट पाडून माल करायला आणि विकायला लावायचा?

खर्चात पहिला पर्याय सरस. एक वर्ग, एक शिक्षक, झालं. दुसऱ्याला वजनकाटा, स्टीलची भांडी, वाळवणाची जागा, खेळतं भांडवल आणि अन्नपदार्थ असेल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणीही हवी.

खरी अडचण वेळापत्रकाची. समजा आमसुलं करायची आहेत. त्यासाठी लागणारे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मेमध्ये, ऐन परीक्षेत. मग त्यांच्या साली रसात बुडवून उन्हात वाळवणं पुन्हापुन्हा करावं लागतं. ओलसर भरली की बुरशी धरते, वळवाची एक सर आली की अख्खं वाळवण भिजतं. म्हणून हे काम उन्हाळी सुटीत ठेवा आणि त्याचे क्रेडिट (श्रेयांक) द्या. त्याशिवाय मुलं टिकत नाहीत.

शिकण्यात मात्र दुसरा पर्याय कितीतरी पुढे. कागदावर नफा काढताना मुलं वाळल्यावर घटणारं वजन, पिशवी-लेबलचा खर्च आणि स्वतःची मजुरी हमखास विसरतात. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात असं अनुभवातून शिक्षण असतं. ते कला-वाणिज्यच्या मुलांना का मिळू नये?

मोठा वर्ग, एकच शिक्षक, निधी नाही: बिझनेस प्लॅनच घ्या, पण पाच दुकानदारांकडून खरेदीचे भाव विचारून आणायची अट घाला. वीसेक मुलं, हक्काची जागा आणि सुटीत थांबणारा शिक्षक असेल, तर थेट उत्पादन.