नळातून गुलाबी पाणी येईपर्यंत पैसे देऊ नका

मजुरी १८९ डॉलर, तीन गॅलन अँटीफ्रीझचे (पाइपांत गोठू नये म्हणून भरायचा गुलाबी द्रव) ४५, 'बॅटरी केअर'चे ३५. एकूण २६९ डॉलर. मिशिगनमध्ये ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, हिवाळ्यासाठी बंद करून देतो म्हणून एका फिरत्या मेकॅनिकने हे पैसे घेतले आणि केलं काय, तर सिंक, शॉवर आणि टॉयलेटमध्ये गुलाबी पाणी ओतलं. बस्स.

एप्रिलमध्ये पाणी जोडलं आणि एकेक बिल यायला लागलं. पाणी तापवायच्या हीटरची टाकी फुटलेली, ११४०. बाहेरच्या शॉवरचा नळ ९६, टॉयलेटचा व्हॉल्व्ह १४८, पंप १६५, बॅटरी १२९, भिजून फुगलेली प्लायवूडची जमीन ८७०. झाले २५४८ डॉलर!

खरं काम असं असतं: पाण्याची टाकी रिकामी करायची, तळाचे ड्रेन उघडायचे, हीटर थंड झाल्यावर प्रेशर व्हॉल्व्ह उघडून अॅनोड रॉड (टाकीला गंजापासून वाचवणारी दांडी) काढायचा, पाणी हीटरला वगळून जावं म्हणून बायपास फिरवायचा. बायपास राहिला तर सगळं अँटीफ्रीझ त्या सहा गॅलनच्या टाकीतच जातं. मग पंपाची नळी अँटीफ्रीझच्या डब्यात घालून प्रत्येक नळ, गरम आणि थंड दोन्ही, गुलाबी येईपर्यंत सोडायचा. बाहेरचा शॉवर हमखास राहतो. सगळ्यात शेवटी प्रत्येक ट्रॅपमध्ये, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या नळीत, कपभर. या माणसाने फक्त हा शेवटचा भाग केला, कारण डोळ्यांना तेवढाच दिसतो. पाइपांत पाणी तसंच. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. लवचिक प्लास्टिकचा पेक्स पाइप ताण सहन करतो, प्लास्टिकचे व्हॉल्व्ह आणि पंपाचं डोकं करत नाही.

चोरी पकडता आली असती ती हीटरपाशी. रॉड काढला की सहा गॅलन पाणी पांढऱ्या क्षारांसकट धो धो बाहेर येतं. ट्रेलरखालचं काँक्रीट कोरडं ठणठणीत होतं. हे आठवलं की आजही डोकं तापतं. पण ओळखीतून आलेला माणूस, त्याच्या हातात रिकामे डबे, कमोडमध्ये गुलाबी रंग दिसतोय, अशा वेळी खाली वाकून काँक्रीट कोण बघतं? ग्राहकाने प्रत्येक कारागिरावर पहारा ठेवायचा असेल तर पैसे कशाचे मोजायचे?

'बॅटरी केअर' म्हणजे झाकण पुसणं. तारा काढल्याच नव्हत्या. गॅस डिटेक्टर हळूहळू वीज ओढत राहतो. पूर्ण चार्ज असलेली लेड-अॅसिड बॅटरी उणे ६० सेल्सिअसच्या आसपासही तग धरते, उतरलेली उणे सातलाच गोठते. तारा स्वतः काढा.

पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. बँक म्हणाली, अॅपवरून पैसे तुम्हीच पाठवलेत, परत मिळणार नाहीत. विमावाल्याने गोठण्याचं नुकसान वगळल्याचं कलम दाखवलं. ग्राहक तक्रारीचा लांबलचक फॉर्म भरला, फोटो जोडले, पावत्या जोडल्या. उत्तर काय, तर समोरच्याने प्रतिसाद दिला नाही, सबब फाइल बंद. म्हणजे चोर गप्प बसला की तक्रार संपली! लहान दाव्यांच्या कोर्टात जावं तर नोटीस बजावायला पत्ता लागतो, आणि आपल्याकडे असतो फक्त बंद पडलेला फोन नंबर. तेव्हा पत्ता आधी घ्या. पैसे क्रेडिट कार्डानेच द्या, म्हणजे निदान कार्डवाल्या बँकेकडे वाद घालता येतो.

अँटीफ्रीझच्या डब्यावर प्रॉपिलीन ग्लायकॉल लिहिलंय का, तेही बघा. इथेनॉलवालं स्वस्त पडतं, पण ते पेट घेऊ शकतं आणि रबरी सील सुकवतं. रेडिएटरचं हिरवं विषारी. ते पिण्याच्या पाइपात कधीच नको.

यंदा कोणाकडून ट्रेलर बंद करून घेतला असेल तर कडक थंडी पडण्याआधी आजच हीटरचं बाहेरचं झाकण उघडा. हीटर बंद आणि थंड असल्याची खात्री करा, प्रेशर व्हॉल्व्ह उघडा, मग रॉड सैल करा. सबर्बन कंपनीच्या हीटरला एक पूर्णांक एक सोळांश इंचाचा सॉकेट लागतो. अॅटवूड कंपनीच्या हीटरला रॉड नसतो, प्लास्टिकचा प्लग असतो. पाण्याची धार आली, तर सगळं काम पहिल्यापासून करायचं आहे.