सोलरची कॉइल कितीवर ठेवायची? दहा महिन्यांचा अनुभव

घरावर 200 लिटरचा ट्यूबवाला सोलर वॉटर हीटर बसवला, त्याला दहा महिने झाले. पावसाळा, थंडी आणि आता हा मे, तिन्ही बघून झाले म्हणून लिहितोय. सोलर उत्तमच आहे. पण ऊन नसेल तेव्हा पाणी तापवणारी टाकीतली 2 किलोवॉटची विजेची कॉइल किती अंशांवर ठेवायची, हे आमच्या चोपडा गावाकडे कोणी नीट सांगत नाही.

बसवणाऱ्याने थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला कॉइल आपोआप बंद-चालू करणारा नॉब) 65 अंशांवर ठेवला आणि "आता याला हात लावू नका" म्हणाला. श्रावणात आभाळ भरलेलं असायचं, कॉइल रात्रभर चालू-बंद होत राहायची. सकाळी टाकी आधीच कढत. मग दुपारी थोडंफार ऊन पडलं तरी ते तापवणार काय? फुकटचं ऊन वाया आणि बिल वर.

आतेभाऊ जर्मनीत असतो. त्याच्या घराबाहेर भिंतीवर सेन्सर आहे. बाहेर जितकी थंडी, तितकं रेडिएटरचं पाणी जास्त गरम, हे बॉयलर आपोआप ठरवतो. म्हटलं, आपण हेच हाताने करू.

थर्मामीटर आणला. डिसेंबरात सातपुड्याकडून गार वारा सुटला की पहाटे गच्चीवरच्या साध्या टाकीतलं पाणी 16 अंश भरायचं. 20 लिटरच्या बादलीत 12 लिटर 55 चं आणि 8 लिटर गार घातलं की अंघोळीजोगं होतं. तेव्हा कॉइल 45 वर ठेवली असती, तर बादलीमागे सोळा-सतरा लिटर गरम पाणी गेलं असतं आणि शेवटच्याला गारच मिळालं असतं. पावसाळ्यात साधं पाणीच 26 च्या आसपास असतं, तिथे 45 पुरतं. म्हणून थंडीत 55, पावसाळ्यात 45. आप्पांची अंघोळ पाचला, म्हणून टायमर लावून कॉइल पहाटे साडेतीनलाच सुरू करतो. 100 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायला साधारण सव्वादोन युनिट लागतात, म्हणजे तास-सव्वातास. आदल्या दिवशी कडक ऊन असेल तर टायमर बंदच.

आमचं बोअरचं पाणी जड. 60 च्या वर तापवलं की क्षार झपाट्याने धरतात. फेब्रुवारीत प्लंबरने कॉइल बाहेर काढली, तर तिच्यावर चुन्यासारखा पांढरा थर, नखाने खरवडला तरी निघेना. झाकण उघडून नॉब फिरवण्याआधी मेन स्विच बंद करा, अर्थिंग तपासून घ्या, यात हयगय नको.

होळीपासून कॉइलचा स्विच बंद आहे. आता अर्ध्या ट्यूबांवर हिरवी शेडनेट टाकलीय, नाहीतर नळाखाली हात धरवत नाही.